पाचव्या चकतीचा आकडा

"डोळे मिटा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि टोचलं की 'हो' म्हणा."

आबांनी, माझ्या वडिलांनी, डोळे मिटले. पलंगावर पाय लांब केलेले, दोन्ही हात मांडीवर, फोटो काढायला बसल्यासारखे. डॉक्टरबाईंच्या हातात नायलॉनचा एक ताठ दोरा होता, माशाच्या गळाला असतो तसला. त्यांनी तो आबांच्या अंगठ्याखाली टेकवून वाकेपर्यंत दाबला. मग करंगळीखाली. मग टाचेला. मग दुसऱ्या पायाला.

आबा डोळे मिटून हसत होते. जरा वेळानं म्हणाले, "टोचा की मॅडम. थांबलाय का?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी दोऱ्याकडं बघितलं. सात वेळा टोचून झालं होतं.

तेव्हा मी सातवीत होते. आता दहावीत आहे आणि हातात सोल्डरिंग गन असली तर कुणाच्या बापाला भीत नाही. तेव्हा मात्र त्या खोलीत मला उगाच थंडी वाजायला लागली.

"साखरेनं नसा बधिर झाल्यात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यांना खडा टोचला तरी कळणार नाही. अनवाणी फिरायचं नाही. रोज सकाळी तळवे बघायचे, आरसा धरून. कळलं का?"

"व्हय मॅडम," आबा म्हणाले. ते सगळ्यालाच 'व्हय मॅडम' म्हणाले.

परत येताना मी स्कूटरवर मागं बसले होते तर आबा न वळताच म्हणाले, "संयू, आईला काय सांगू नको."

"काय सांगू नको? टोचलं ते, का टोचलं नाही ते?"

"लै शाणी झालीस," आबा म्हणाले आणि गाडीचा वेग वाढवला.

आमच्या घरात पायांची गोष्ट लहान नसते. आबा चपला करतात, कोल्हापुरी, हातानं. गिऱ्हाईक आलं की त्याला पाटावर बसवतात, स्वतः खाली बसतात, मांडीवर कागद घेतात आणि म्हणतात, "पाय द्या, पावणं." मग पेन्सिलीनं त्या पायाची कड आखतात आणि त्या मापाचा फर्मा कापतात. वकिलाचा पाय, पैलवानाचा पाय, नवरदेवाचा पाय. एवढ्या लोकांचे पाय मांडीवर घेतलेला माणूस, आणि त्याचे स्वतःचे पाय त्याला काही सांगत नव्हते.

आमच्याच गल्लीतल्या किसनतात्यांचा पाय असाच गेला. चपलेत एक खडा होता, दोन दिवस. तात्यांना कळलाच नाही. खड्याची जखम झाली, जखमेचं काय काय झालं, आणि शेवटी घोट्यापासून खाली पायच राहिला नाही. तात्या आता दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाकडं बघतात.

म्हणून मी ठरवलं की सांगणारी चपल करायची. पाय सांगत नसेल तर चपलेनं सांगायचं. तळाच्या दोन थरांमध्ये दाब मोजणाऱ्या पातळ चकत्या घालायच्या, आणि एखाद्या जागी नको तेवढा दाब आला की बझर वाजवायचा. एवढं सोपं.

"कल्पना उत्तम आहे," आमचे विज्ञानाचे मगदूम सर म्हणाले. "सेन्सर?"

"तेच विचारायला आलो सर."

(हो, आमच्याकडं मुली पण 'आलो'च म्हणतात. निबंधात लिहिलं की मराठीचे सर लाल शाईनं गोल करतात, बोलताना सोडून देतात.)

सरांनी मोबाइलवर दाखवला. काय देखणा होता! नाण्याएवढा गोल, प्लॅस्टिकच्या कागदासारखा पातळ, मागं शेपटी. आणि त्याच्याखाली किंमत. मला एका पायाला पाच पाहिजे होते.

"आणि आज मागवले तरी पुढच्या शनिवारच्या आत पोचत नाहीत," सर म्हणाले. पुढच्या शनिवारी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. आमच्या शाळेला जागा एकच. "तू असं कर, पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारा प्रोजेक्ट कर. त्याचं सगळं सामान कपाटात आहे."

"आमच्या घरी टाकी नाही सर, पिंप आहे. वाकून बघितलं की पातळी कळती."

सर हसले. मग म्हणाले, "शुक्रवारी सकाळी मला चालू चपल दाखव. नाहीतर टाकी."

त्या दिवसापासून मी चकतीच्या मागं लागले. लॅबमधल्या जुन्या वजनकाट्यातला सेन्सर काढला, तर तो बिस्किटाएवढा जाड. चपलेत बिस्कीट घालून कोण चालणार? वाढदिवसाचं एक गाणारं कार्ड फोडलं, त्यातली पितळी चकती घेतली. ती पाय ठेवला की ओरडायची, आणि पाय तसाच ठेवला तर विसरून जायची. विसरणारी मला नको होती. विसरणारे आबा होते की घरात. मग कागदावर पेन्सिलीचं शिसं घासघासून एक चकती केली. ती संध्याकाळी झकास चालली. मी गल्लीभर सांगत सुटले. सकाळी शिसं निघून गेलं होतं आणि चकती मेली होती.

शेवटी मी जमादारमामांकडं गेले. स्टँडच्या मागं त्यांची टीव्ही, मिक्सर असलं सगळं दुरुस्त करायची टपरी आहे. मामांच्या कपाळावर कायम भिंग चढवलेलं असतं, तिसरा डोळा असल्यासारखं.

"काय पाहिजे बेटा?"

"पातळ पाहिजे, स्वस्त पाहिजे आणि किती दाबलं ते खरं सांगणारं पाहिजे."

"पातळ, स्वस्त आणि खरं बोलणारं," मामा म्हणाले. "माणसात पण मिळंना झालंय ते. बस."

मी स्टुलावर बसले. मामा एका टीव्हीच्या बोर्डात गुंतले होते. त्यांनी एका बारक्या काळ्या पिशवीतून नवी आयसी, म्हणजे चिप, काढली, पिशवी चुरगाळली आणि डब्यात टाकली. डब्यात तसल्याच पिशव्या भरल्या होत्या.

"मामा, ह्या काळ्या का असतात?"

"त्यात कोळशाची भुकटी असते. आयसीला अंगातल्या विजेचा झटका बसू नये म्हणून. साधं प्लॅस्टिक वीज आडवतंय, हे जराजरा जाऊ देतंय."

"जराजरा म्हणजे किती?"

मामा थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग डब्याकडं. मग एक पिशवी काढून तिचा तुकडा कापला, मीटरची दोन टोकं दोन बाजूंना लावली आणि म्हणाले, "दाब."

मी अंगठ्यानं दाबलं. मीटरचा आकडा घसरला. जोरात दाबलं, आणखी घसरला. सोडलं, चढला. आम्ही दोघं मिनिटभर तेच करत बसलो. दाब, सोड, दाब, सोड. एक बाई मिक्सर न्यायला आली होती, ती आमच्याकडं बघत उभी राहिली.

"बारा वर्षं फेकतोय मी ह्या," मामा म्हणाले.

मी डबाच मागितला.

काळ्या प्लॅस्टिकची रुपयाएवढी चकती. तिच्या वर आणि खाली पार्सलच्या डब्यातली चांदी, म्हणजे ॲल्युमिनियमचा कागद. दोन्हीला एकेक वायर, आणि वरून चिकटपट्टी. झाली लग्नपत्रिकेएवढी जाड. फुकट! शाळेतल्या आर्डुइनोला, म्हणजे लॅपटॉपला लावायच्या बारक्या बोर्डाला, जोडली की शून्य ते एक हजार तेवीसपर्यंत आकडा दाखवायची, जेवढा दाब जास्त तेवढा आकडा मोठा. मी पाच केल्या. पहिली अंगठ्याखाली, दुसरी-तिसरी चवड्याखाली, चौथी बाहेरच्या कडेला आणि पाचवी टाचेखाली. आठशेच्या वर गेलं की बझर.

चपलेचं काम आबांनीच अंगावर घेतलं. आधी म्हणाले, "वायर घातलेली चपल! लोक हसतील." मग मी चकत्या मांडायला लागले तसे हळूच जवळ सरकले. मग म्हणाले, "वायर कुठनं काढायची ते सांग. वादीच्या शेजारनं वाट देतो." वादी म्हणजे चपल शिवायची चामड्याची दोरी. आबांनी रापीनं, चामडं कापायच्या पात्यानं, तळात अशी बारीक खाच पाडली की वायर आत गेल्यावर बोटाला लागेना. आई शेजारी बसून पट्ट्याची वेणी घालत होती.

"माझ्या चपलेला कधी असं कोरीवकाम केलं नाही," आई म्हणाली.

"तुझ्या पायाला काय धाड भरल्याय?" आबा म्हणाले, आणि मान खाली घालून परत खाच कोरायला लागले. आईला तोवर सगळं कळलं होतं. मी काही बोलले नव्हते. तिला आपोआपच कळतं.

आता त्या टाचण्यांचं सांगायला पाहिजे.

आमच्या घरात खिळा नसतो. खरी कोल्हापुरी चपल वादीनं शिवतात, तिच्यात लोखंडाचा एक कण नसतो. आबा गिऱ्हाइकापुढं चपल दुमडून दाखवतात आणि म्हणतात, "खिळा दाखवा, दुसरा जोड फुकट." आजोबांच्या वेळेपासून नियम आहे, कामाच्या बैठकीवर खिळा, टाचणी, काही आणायचं नाही. तिथं सगळे अनवाणी बसतात, पायानं चामडं धरतात, मांडी घालतात. म्हणून तिथं कुणी कधी पायाखाली बघतच नाही. गरज नसते.

मंगळवारी संध्याकाळी आबा माल पोचवायला गेले होते. चकत्या तळाला चिकटवल्या होत्या आणि सोल्यूशन वाळेपर्यंत त्या हलता कामा नव्हत्या. आबा असल्या वेळी वर दगड ठेवतात. दगडानं माझ्या चकत्या चेचल्या असत्या. मी दप्तरातली ड्रॉइंग पिनांची डबी काढली, त्या पितळी टोपीच्या टाचण्या, आणि चकत्यांच्या कडेकडेनं टोचून ठेवल्या. आबा यायच्या आत काढून डबीत भरल्या.

मोजल्या नाहीत.

बुधवारी दुपारी डावी चपल तयार झाली. काय दिसत होती! बाहेरून नुसती कोल्हापुरी, टाचेमागून तेवढी वायरींची बारकी शेपटी. पहिल्यांदा मी घातली. पाची आकडे दीडशे ते तीनशे. मग आईनं घातली. तीनशे, साडेतीनशे, टाचेला चारशे. बझर गप्प. मी नाचलेच.

"आबा, आता तुम्ही."

आबा बैठकीवरून उठले, पायावरची चामड्याची भुकटी झटकली आणि चपल घातली.

बझर कोकलायला लागला.

"आता काय झालं त्याला?" आबा म्हणाले.

मी शाळेतून आणलेल्या लॅपटॉपवर बघितलं. पहिल्या चार चकत्या ठीक होत्या. पाचवी हजार तेवीस. म्हणजे त्याच्या पुढं आकडाच नाही.

"पाय काढा. परत घाला."

हजार तेवीस.

"जरा हळू उभं राहा आबा."

"माणसानं हळू उभं कसं राहायचं?"

ते चार पावलं चालले. प्रत्येक पावलाला, टाच टेकली की बझर. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "काय गं, रिव्हर्स घेताय का आबाला?"

आबा हसले, मी नाही हसले. सर म्हणणार, बघ, फेकून दिलेल्या पिशवीचा सेन्सर असलाच. शुक्रवारला दोन दिवस राहिले होते. मी चकतीच्या वायरी बघितल्या, चांदी बघितली, सगळं धडधाकट. मग मला वाटलं की आबांचं वजन जास्त, टाच रुंद, त्यामुळं होत असेल. आपलं आपल्याला पटवायचं असलं की कारण लगेच सापडतं.

मी प्रोग्रॅम उघडला आणि एक ओळ घातली. चकती पाच असेल तर आलेल्या आकड्यातून चारशे वजा.

"आता चाला."

आबा चालले. पाचवी चकती, सहाशे तेवीस. बझर गप्प.

"झालं दुरुस्त?" आबांनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

ते चपल काढून परत बैठकीवर जाऊन बसले. मी त्या दिवशी वहीत लिहिलं, 'पाचवा सेन्सर जुळवून घेतला.' ती वही अजून आहे.

गुरुवारी शाळेतून आल्यावर आईला परत उभी केली, तर तिच्या टाचेचा आकडा शून्य. टाच जरा हलवली की शून्याच्याही खाली. माझ्या ओळीनं आबांचा आकडा बरा दिसत होता आणि बाकी सगळ्या जगाचा बिघडला होता. आईनं टाच आपटून दाखवली. "मी उभी आहे का नाही गं?"

मी तडक जमादारमामांची टपरी गाठली.

"मामा, तुमच्या पिशवीत दोष आहे. दुसरी द्या."

"घ्या!" मामा समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले. "फुकटच्या पिशवीची गॅरंटी मागायला आली ही." मग भिंग कपाळावर सरकवून माझ्याकडं वळले. "काय झालं ते नीट सांग."

मी सांगितलं. वजा चारशेची ओळ सांगताना जरा आवाज खाली गेला. मामांनी ते पकडलं.

"म्हणजे टीव्ही किंचाळाय लागला म्हणून तू स्पीकरची वायर कापलीस."

"तसं नाही मामा..."

"तसंच आहे. ऐक. दोष शोधायचा एकच मार्ग. सेन्सर बदल, माणूस तोच ठेव. मग माणूस बदल, सेन्सर तोच ठेव. दोष कुणाच्या मागं जातोय बघ. ज्याच्या मागं जाईल त्याचा तो."

मी घरी पळत आले. वजा चारशेची ओळ खोडली. मग पाचवी चकती वायरीसकट उपटून काढली, आबांनी केलेल्या खाचेची वाट लागली, आणि तिच्या जागी नवी कोरी चकती बसवली. आबा पट्टा ठोकत होते.

"आबा, उठा."

"आता काय?"

"उठा म्हणतो ना!"

नवी चकती. डावी टाच. हजार तेवीस.

आईला उभी केली. चारशे दहा.

परत आबा. हजार तेवीस.

मग पट्टा आड येऊ नये म्हणून मी ती चपल जमिनीवर उलट्या दिशेनं फिरवून ठेवली आणि आबांना म्हणाले की आता उजवी टाच ठेवा तिच्यावर, कशीही, नुसती टेकवा. त्यांनी टेकवली. चारशे साठ.

"आता डावी."

हजार तेवीस.

दोष चकतीच्या मागं जात नव्हता. मी लॅपटॉप बाजूला ठेवला.

"आबा, डावा पाय बघू."

"कशाला?"

"बघू द्या."

"अगं, लेकीनं बापाचा तळवा बघायचा असतोय का? जा, अभ्यास कर." ते खाली बसले आणि पाय पोटाशी घेऊन मांडी घातली. आबांची मांडी म्हणजे कुलूप. एकदा घातली की घातली.

"आई!" मी ओरडले.

"काय गं?"

"ह्यांना पाय दाखवायला सांग."

"कुठं लागलंय का हो?" आई म्हणाली.

"काय न्हाई लागलं! लागलं असतं तर मला कळलं नसतं का?"

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. आईच्या हातातली पट्ट्याची वेणी तशीच राहिली.

मी कोपऱ्यातला गिऱ्हाइकाचा पाट ओढला. आबांच्या पुढं ठेवला. स्वतः खाली बसले, मांडीवर कागद घेतला, कानाला पेन्सिल लावली आणि म्हणाले,

"पाय द्या, पावणं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग ते हसले, खरंच हसले. उठून पाटावर बसले आणि डावा पाय माझ्या मांडीवर ठेवला.

पाय जड होता. आणि गरम. मी तो दोन्ही हातांनी वर केला आणि खाली वाकून बघितलं.

टाचेला भेगा पडल्या होत्या, भेगांत चामड्याची भुकटी बसली होती, सगळं एकाच काळपट रंगाचं झालेलं. त्यात मधोमध एक गोल होतं. वाटाण्याएवढं, गुळगुळीत. त्याच्या भोवतीची कातडी सुजून लाल झाली होती. मी नखानं त्यावरची भुकटी खरवडली. खालून पितळ चमकलं.

"काय हाय?" आबांनी विचारलं. मी नखानं त्यांच्या टाचेत टोचलेली वस्तू हलवत होते आणि ते मला विचारत होते काय हाय.

आई वाकली आणि तिनं तोंडावर हात दाबला.

"खिळा," ती म्हणाली. "अहो, खिळा रुतलाय टाचेत."

"येडी का काय? आपल्या घरात खिळा कुठनं येईल?" आबा म्हणाले. "आजवर आला न्हाई."

"माझा आहे," मी म्हणाले. "ड्रॉइंग पिन. चकत्या लावताना टोचल्या होत्या बैठकीवर. मंगळवारी."

मला वाटलं आता आवाज चढेल. आजोबांच्या वेळेपासूनचा नियम होता तो. आबांनी फक्त आपली टाच हातात धरून फिरवून बघायचा प्रयत्न केला, जसं दुसऱ्याची चपल फिरवून बघतात तसं.

"काढू नका हातानं!" मी म्हणाले. "डॉक्टरबाईंकडं चला."

रिक्षात आबा मध्ये, मी आणि आई दोन्हीकडं. आईनं त्यांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला होता, पदर खाली घालून. अर्ध्या वाटेत मी म्हणाले, "आबा, चपलेनं कालच सांगितलं होतं. मीच तिला गप्प बसवलं."

"कसं?"

मी वजा चारशेचं सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझा बाप म्हणायचा," ते म्हणाले, "गिऱ्हाइकाचा पाय मापात बसंना तर पायाला खोटं पाडू नको. फर्मा बदल."

बस. एवढंच. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही.

डॉक्टरबाईंनी चिमट्यानं पिन काढली. आबा छताच्या पंख्याकडं बघत होते. पिनेचं टोक अर्ध्याला गंजलं होतं, मागोमाग पू आला. डॉक्टरबाईंनी जखम साफ केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या आणि मग विचारलं, "किती दिवस होती आत?"

"दोन," मी म्हणाले.

"आठवडा गेला असता तर मी मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं. मग ते काय करतील ते मी सांगू शकले नसते." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सापडलं कसं? यांना तर कळलं नसणार."

आईनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी मात्र तेव्हा जमिनीकडं बघत होते.

शुक्रवारी सकाळी मगदूम सरांना चपल दाखवली. खाच बिघडलेली, पाचवी चकती चिकटपट्टीनं लावलेली. सरांनी स्वतः चपल घालून उभं राहून बघितलं आणि टाकीचं नाव खोडलं. शनिवारी प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "हे खरंच चालतं हे तू तपासलंस का?" मी म्हणाले, "चालतं. मी नीट चालले नाही." मग सगळं सांगितलं, वजा चारशेसकट. त्यांनी बराच वेळ लिहून घेतलं. मला उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर एका ठिबक सिंचनाला गेला, तेही चांगलं होतं म्हणा.

टाच भरायला दीड महिना लागला. तेवढे दिवस आबांनी पाटावर बसून काम केलं आणि बैठकीवर चपल घालून गेले. आजोबांच्या फोटोकडं बघून आधी कानाला हात लावायचे. चपलेचं पुढं मी बरंच काही केलं, आता तिच्यात वायर नाही, मोबाइलला आकडे येतात. किसनतात्यांच्या उरलेल्या पायासाठी आबांनी आणि मी मिळून एक केली आहे. तात्या ती घालून दारात बसतात आणि बझर वाजला की गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारतात, "संयू! बोलायली बघ ही!"

पण सकाळचं पहिलं काम वेगळं आहे. मी शाळेला निघायच्या आधी आबा पाटावर बसतात, आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच एक पाय माझ्या मांडीवर ठेवतात, मग दुसरा. मी बघते, भेगांत मलम भरते. त्यांनी एकदाच विचारलं होतं, "चपल सांगतीय की. आता रोज कशाला?" मी म्हणाले, "चपलेला गप्प बसवता येतंय आबा."

परवा पुण्याचं एक गिऱ्हाईक आलं होतं. नव्या जोडाची कड बोटानं चाचपत त्यानं विचारलं, "आत खिळे वगैरे नाहीत ना हो?"

मी शेजारीच बसून चकत्या कापत होते. आबांनी चपल दुमडून दाखवली. नेहमीचं वाक्य तोंडात आलं होतं त्यांच्या, पण ते थांबले.

"न्हाई," ते म्हणाले. "आमच्या घरात तीन पिढ्यांत एकच खिळा आला. तो हिच्या वहीत चिकटवलेला हाय. बघायचा का?"

गिऱ्हाईक हसलं. त्याला वाटलं, थट्टा आहे.

"पाय द्या, पावणं," आबा म्हणाले आणि पेन्सिलीसाठी माझ्यापुढं हात केला.